तोतरेपणा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जून महिन्यात शाळा उघडतात. वर्गात हजेरी सुरू होते. एकामागून एक नावे पुकारली जातात आणि ‘हजर’ असे उत्तर येत राहते. अशा वेळी एखादा मुलगा आपले नाव जवळ येऊ लागले की अस्वस्थ होतो, हाताचे तळवे पुसू लागतो आणि पाळी येताच तोंडाने उत्तर न देता नुसता हात वर करतो. पुढे त्याच मुलाला नद्यांची नावे विचारली जातात. उत्तर त्याला पाठ असते. परंतु ‘कृष्णा’ या शब्दातील ‘कृ’ ओठांबाहेर येणार नाही हे त्याला आधीच जाणवलेले असते. म्हणून तो सोपा मार्ग स्वीकारतो आणि म्हणतो, “येत नाही.” गुरुजी त्याच्या नावापुढे शून्य मांडतात, घरी प्रगतिपुस्तक गेल्यावर बोलणी बसतात आणि हळूहळू सर्वांचीच अशी समजूत होते की, हा मुलगा अभ्यासात कच्चा आहे.

आपल्या राज्यातील असंख्य शाळांत घडणारी ही गोष्ट आहे. लहान वयात शंभरातील सुमारे पाच मुले केव्हा ना केव्हा काही काळ तोतरे बोलतात. त्यांपैकी बहुतेकांचे बोलणे पुढे आपोआप सुधारते. एकंदर लोकसंख्येत तोतरे बोलणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख इतकी होती. या हिशेबाने केवळ आपल्या राज्यातच ही संख्या सुमारे ११ लाख भरते. इतक्या लोकांच्या वाट्याला येणाऱ्या या अडचणीविषयी समाजात जितके गैरसमज आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या वाचादोषाविषयी असतील. म्हणून त्यामागील वस्तुस्थिती समजून घेणे आवश्यक आहे.

तोतरेपणा म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे बोबडेपणा आणि तोतरेपणा हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः हे दोन वेगळे दोष आहेत. ‘राम’ऐवजी ‘लाम’ किंवा ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणणारे मूल बोबडे बोलते. त्याचा उच्चार चुकतो, पण बोलण्याचा ओघ खंडित होत नाही. तोतरेपणात उच्चार ठाऊक असतो, शब्द ठाऊक असतो, काय सांगायचे आहे हेही मनात स्पष्ट असते, परंतु ओघ तुटतो.

हा ओघ तीन प्रकारे तुटतो. पहिल्या प्रकारात ध्वनीची किंवा अक्षराची पुनरावृत्ती होते, जसे ‘क-क-क-कमळ’. दुसऱ्यात एकच ध्वनी लांबतो, जसे ‘स्ऽऽऽसकाळी’. तिसऱ्या प्रकारात तोंड उघडते, ओठ शब्दाच्या आकारात येतात, पण काही क्षण आवाजच फुटत नाही. हा तिसरा प्रकार सर्वांत त्रासदायक होय. त्यातून सुटण्याच्या धडपडीत कोणी पापण्या घट्ट मिटतो, कोणी मान झटकतो, कोणी मुठी आवळतो. या हालचाली मूळ दोषाचा भाग नसतात. त्या अडथळ्याशी झुंजताना जडलेल्या सवयी असतात.

याखेरीज दोषाचा एक भाग डोळ्यांना दिसतच नाही. तोतरे बोलणारी व्यक्ती अवघड शब्द टाळावयास शिकते. ‘पाणी’ म्हणता येईना तर ती ‘तहान लागली’ म्हणते. एस.टी.च्या कंडक्टरला आपल्या गावाचे नाव सांगता येणार नाही या भीतीने पुढच्या थांब्याचे तिकीट काढून, जास्त पैसे देऊन, मधेच उतरणारी माणसे आहेत. मात्र स्वतःच्या नावाला पर्यायी शब्द नसतो. त्यामुळे ‘आपले नाव काय?’ हा जगातील सर्वांत सोपा प्रश्न त्यांना सर्वांत कठीण वाटतो.

कारणांविषयीचे गैरसमज

तोतरेपणा कशामुळे येतो, याबाबत घरोघरी अनेक समजुती प्रचलित आहेत. त्यांतील काही प्रमुख समजुती येथे पाहू.

‘मूल घाबरले किंवा दचकले म्हणून तोतरे झाले’, ही त्यांतील सर्वांत रूढ समजूत होय. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतो. याच काळात मुलाची भाषा झपाट्याने वाढत असते. या वयात कुत्रा अंगावर येणे, पडणे, रुग्णालयात जावे लागणे असे प्रसंग जवळजवळ प्रत्येक मुलाच्या आयुष्यात येतात. त्यामुळे दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे आपण मानतो. भीतीने किंवा ताणाने तोतरेपणा काही वेळ वाढू शकतो, हे खरे आहे. पण त्याचे मूळ भीतीत नाही.

‘तोतऱ्याची नक्कल केली की आपणही तोतरे होतो’, ही दुसरी समजूत. तोतरेपणा संसर्गाने किंवा अनुकरणाने येत नाही. एकाच कुटुंबात तो एकाहून अधिक व्यक्तींत आढळतो याचे कारण अनुकरण नसून आनुवंशिकता हे आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासापासून सुरुवात करून, तोतरेपणाशी संबंध असलेली काही जनुके शास्त्रज्ञांनी शोधून काढली. सर्वच व्यक्तींच्या तोतरेपणाचा उलगडा या जनुकांनी होतो असे नाही. परंतु हा दोष शरीराच्या जडणघडणीशी निगडित आहे, ही गोष्ट त्यामुळे अधिक स्पष्ट झाली. मेंदूच्या अभ्यासातही असे दिसून आले आहे की, बोलण्याची आखणी करणारे आणि त्याची वेळ साधणारे मेंदूतील भाग ज्या तंतूंनी जोडलेले असतात, त्यांच्या रचनेत व कार्यात तोतरे बोलणाऱ्यांच्या बाबतीत सूक्ष्म फरक असतो.

‘जीभ जड आहे, जिभेखालची पट्टी कापली की बोलणे सुधारेल’, असेही सांगितले जाते. जिभेखालची पट्टी फार आखूड असल्यास काही उच्चारांना किंवा तान्ह्या बाळाच्या दूध पिण्याला अडचण येऊ शकते. तोतरेपणाशी तिचा संबंध नाही. या समजुतीने पूर्वी अनर्थही घडविला आहे. १८४१ साली बर्लिनमधील नामवंत शल्यविशारद डिफेनबाख यांनी तोतरेपणावर उपाय म्हणून जिभेच्या मुळाशी छेद घेऊन तिचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात रुग्णांनी या यातना सहन केल्या. परंतु त्यांचा उपयोग झाला नाही आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. जीभ निर्दोष असते, याचा पुरावा तर आपल्याजवळच आहे. तोतरे बोलणारी व्यक्ती गाणे म्हणताना, इतरांबरोबर एका सुरात प्रार्थना म्हणताना किंवा एकांतात स्वतःशी बोलताना सहसा अडखळत नाही. जीभ तीच, ओठ तेच आणि शब्दही तेच असतात.

‘घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी, या दोन भाषांच्या ओझ्याने मूल तोतरे झाले’, ही अलीकडे वाढलेली समजूत आहे. दोन भाषा शिकल्याने तोतरेपणा उत्पन्न होतो, असे सिद्ध झालेले नाही. अशा मुलाची मातृभाषा बंद करून त्याचा काहीही लाभ होत नाही. उलट आजीशी व शेजाऱ्यांशी मोकळेपणाने बोलण्याची त्याची संधी मात्र जाते.

‘तोतरी माणसे मंदबुद्धी असतात’, ही सर्वांत अन्यायकारक समजूत होय. बुद्धीचा आणि तोतरेपणाचा संबंध नाही. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ लिहिणारे लुईस कॅरोल हे गणिताचे अध्यापक होते आणि ते तोतरे बोलत. चित्रपट अभिनेते हृतिक रोशन यांनी लहानपणापासूनच्या आपल्या तोतरेपणाविषयी जाहीरपणे सांगितले आहे. तोतरेपणा स्वभावाच्या दुबळेपणामुळे येतो, हेही खरे नाही. बोलताना दिसणारी घबराट हे तोतरेपणाचे कारण नसून अनेकदा परिणाम असतो.

१९३९ सालचे दोन धडे

तोतरेपणाच्या इतिहासात १९३९ या वर्षाला विशेष स्थान आहे. त्या वर्षी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या वतीने डेव्हनपोर्ट येथील एका अनाथाश्रमातील २२ मुलांवर एक प्रयोग करण्यात आला. मुलांच्या बोलण्यावर मोठी माणसे बोट ठेवतात म्हणूनच ती तोतरी होतात, असा विचार त्या सुमारास पुढे येत होता. तो पडताळण्यासाठी, नीट बोलणाऱ्या सहा मुलांना वारंवार असे सांगण्यात आले की, तुमचे बोलणे सदोष आहे, तुम्ही तोतरी होऊ लागला आहात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका.

हा प्रयोग अनेक वर्षे लोकांपुढे आला नाही. २००१ साली तो वृत्तपत्रांतून उघडकीस आल्यावर विद्यापीठाने जाहीर क्षमा मागितली आणि २००७ साली आयोवा राज्याने पीडितांना ९ लाख २५ हजार डॉलर्स भरपाई देण्याचे मान्य केले. पुढे तज्ज्ञांनी त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. नीट बोलणारी मुले या टीकेमुळे खरोखर तोतरी झाली, असा पुरावा त्यांत आढळला नाही. मात्र दुसरी एक गोष्ट घडली होती. ती मुले बोलेनाशी झाली होती. प्रश्न विचारला तर एखाद्या शब्दात उत्तर देणे, तोंडावर हात धरणे, वर्गात गप्प बसणे असे बदल त्यांच्यात दिसू लागले होते.

या दुःखद प्रकरणातून आपण दोन निष्कर्ष काढू शकतो. पहिला निष्कर्ष आईवडिलांना दिलासा देणारा आहे. आपल्या मुलाचा तोतरेपणा आपल्या रागावण्यामुळे किंवा संगोपनातील चुकीमुळे आला, असे मानून त्यांनी स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. दुसरा निष्कर्ष मात्र सर्वांनाच विचार करावयास लावणारा आहे. टीकेने तोतरेपणा निर्माण होत नसला तरी मौन निश्चित निर्माण होते. आणि तोतऱ्या मुलाचे जे नुकसान होते ते अडखळण्यामुळे थोडे व या मौनामुळे फार होते. वर्गात ‘येत नाही’ म्हणणारे मूल याच मार्गाने तेथवर पोहोचलेले असते.

त्याच वर्षाच्या ३ सप्टेंबर रोजी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांनी युद्धाच्या प्रारंभी आकाशवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले. राजे लहानपणापासून तोतरे बोलत. १९२६ पासून ते लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन उपचारकाकडे जात होते. या भाषणाच्या वेळीही लोग त्यांच्यासमवेत होते. राजांचे अडखळणे समूळ नाहीसे झाले नव्हते. तरीसुद्धा ते बोलले आणि लोकांनी त्यांचे म्हणणे ऐकले. उपचाराचे खरे उद्दिष्ट काय असावे, हे यावरून ध्यानात येते. जे सांगावयाचे आहे ते न टाळता सांगता येणे, हे ते उद्दिष्ट होय.

घरगुती उपायांविषयी

तोंडात गोट्या किंवा खडे ठेवून बोलण्याचा उपाय आपल्याकडेही सुचविला जातो. प्राचीन ग्रीक वक्ता डेमॉस्थेनीझ याच्या नावावर ही कथा सांगितली जाते. लहान मुलाच्या बाबतीत गोटी घशात अडकून जीव जाण्याचा धोका आहे, हे लक्षात घेऊन हा प्रयोग कधीही करू नये. जिभेवर वेखंड उगाळून लावण्याची पद्धतही अनेक घरांत आहे. वेखंडाने तोतरेपणा जात नाही. शिवाय बाळाच्या पोटात ते अधिक प्रमाणात गेल्यास उलट्या व विषबाधा होऊ शकते. चिमटे काढणे, मारणे, डावखुऱ्या मुलाला सक्तीने उजव्या हाताने लिहावयास लावणे किंवा नवससायास करीत वर्षे घालविणे, यांपैकी कशानेही लाभ होत नाही. तोतरेपणा हमखास बरा करणारे औषध आजतागायत उपलब्ध झालेले नाही. त्यामुळे ‘आठ दिवसांत खात्रीशीर गुण’ अशा जाहिरातींपासून सावध राहावे.

तज्ज्ञांचा सल्ला केव्हा घ्यावा?

तोतरे बोलू लागलेल्या लहान मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचा दोष काही महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत नाहीसा होतो. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु ‘मोठे झाले की आपोआप जाईल’ असे म्हणून स्वस्थ बसणेही योग्य नाही, कारण कोणत्या मुलाचा दोष टिकणार हे आधी निश्चित सांगता येत नाही. पुढील परिस्थितीत विलंब न करता वाचा-उपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा :

१. तोतरेपणा सुरू होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल.

२. आईवडील किंवा जवळच्या नातेवाइकांपैकी कोणाचा तोतरेपणा मोठेपणीही टिकून असेल.

३. बोलताना मूल चेहरा ताणत असेल, मान झटकत असेल किंवा त्याचा आवाज अडकत असेल.

४. मूल बोलणे टाळू लागले असेल किंवा आपल्या बोलण्याविषयी तक्रार करीत असेल.

मुलींपेक्षा मुलांमध्ये हा दोष टिकून राहण्याचे प्रमाण बरेच अधिक आहे. मोठ्या वयात तोतरेपणा असणाऱ्यांत एका स्त्रीमागे सुमारे चार पुरुष असे प्रमाण आढळते. मुलांच्या बाबतीत हेही ध्यानात ठेवावे. प्रौढ व्यक्ती आयुष्यात प्रथमच एकाएकी अडखळू लागली तर मात्र तो मेंदूच्या विकाराचा इशारा असू शकतो. अशा व्यक्तीला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सहा वर्षांखालील मुलांवरील उपचारांना यश येण्याची शक्यता अधिक असते. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९८० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या लिडकोम्ब पद्धतीत तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली आईवडीलच घरी रोज थोडा वेळ मुलाबरोबर बोलण्याचा सराव करतात आणि ओघवत्या बोलण्याचे कौतुक करतात. मोठ्या व्यक्तींना शब्दाचा प्रारंभ हलका करणे, वाक्याची गती सांभाळणे आणि अडथळा आला असता न झगडता त्यातून बाहेर येणे शिकविले जाते. त्याबरोबरच बोलण्याची भीती कमी करण्यावरही भर दिला जातो.

उपचाराच्या सोयी

मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूर येथील १९६५ पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था या केंद्र सरकारच्या संस्था वाचा व श्रवणदोषांच्या क्षेत्रात कार्य करतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतील व शाळांतील मुलांची तपासणी केली जाते. आपल्या मुलाच्या बोलण्याविषयी शंका असल्यास पालकांनी ती तपासणी पथकाला आवर्जून सांगावी, कारण धावत्या तपासणीत गप्प बसलेल्या मुलाचा तोतरेपणा लक्षात येईलच असे नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागातही चौकशी करावी. खाजगी तज्ज्ञांकडे जावयाचे असल्यास त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे किंवा नाही, हे पाहून घ्यावे.

ऐकणाऱ्यांची जबाबदारी

तज्ज्ञ आठवड्यातून तासभर भेटतात. उरलेला सर्व वेळ मूल आपल्या सहवासात असते. म्हणून घरातील व शाळेतील माणसांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळणे आवश्यक आहे.

मूल अडखळत असता त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे आणि मग सांग’ अशा सूचना हितबुद्धीने दिल्या जातात. परंतु आपण चुकत आहोत एवढेच त्यांतून मुलाला कळते. त्याऐवजी आपण स्वतः सावकाश बोलावे. मूल कसे बोलते यापेक्षा काय सांगते याकडे लक्ष द्यावे आणि त्याच्याकडे पाहत शांतपणे ऐकावे. दिवसातून दहा मिनिटे तरी, इतर भावंडे मधे न बोलता, त्याला आईशी किंवा वडिलांशी निवांत बोलता यावे. पाहुण्यांसमोर ‘कविता म्हणून दाखव’ असा आग्रह धरू नये. तोतरेपणाविषयी घरात मौन पाळण्याचीही आवश्यकता नाही. ‘कधी कधी शब्द अडकतो, त्यात काही बिघडत नाही’, असे सहजपणे सांगितल्याने मुलाच्या मनावरील ओझे हलके होते.

शिक्षकांचे स्थान याहूनही महत्त्वाचे आहे. अशा विद्यार्थ्याला प्रश्न विचारणेच बंद करणे हा उपाय नव्हे. त्याला एका बाजूला बोलावून कोणत्या रीतीने उत्तर देणे सोयीचे वाटते, हे विचारावे. नामावलीत पाळी येण्याची वाट पाहणे त्याला जड जात असेल तर त्याला आधी विचारावे. वाचन दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर जोडीने घ्यावे, कारण एका सुरात वाचताना तो सहसा अडखळत नाही. तोंडी परीक्षेत ज्ञानाला गुण द्यावेत, वेगाला देऊ नयेत. वर्गातील चेष्टा मात्र पहिल्याच दिवशी ठामपणे थांबवावी. नाटकांत आणि चित्रपटांत तोतरे पात्र वर्षानुवर्षे हशा पिकविण्यासाठीच आणले गेले आहे. मुले ती नक्कल तेथूनच उचलतात, याची जाणीव मोठ्यांनीही ठेवावयास हवी.

दरवर्षी २२ ऑक्टोबर हा दिवस १९९८ पासून आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जाणीव दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, माहितीपत्रके वाटली जातात. परंतु या प्रश्नाचा खरा कस रोजच्या वर्गात, रोजच्या जेवणाच्या पंगतीत आणि एस.टी.च्या रांगेत लागतो. तोतरे बोलणाऱ्याला आपल्याकडून सहानुभूतीचे शब्द नको असतात. त्याला आणखी पाच-दहा सेकंद हवे असतात. तेवढा वेळ आपण देऊ शकलो तर ‘येत नाही’ म्हणून खाली बसणारा मुलगा उद्या अडखळत का होईना, ‘कृष्णा’ हे उत्तर देईल. आणि ते बरोबर उत्तर असेल.